जहांगीरची पालखी, वैरागचा कूलर आणि एक नकटं कुत्रं

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला, त्यांच्यासाठी तो इथे लिहून काढलाय. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. एखादं वाक्य लांबलं किंवा मधेच तुटलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात एका व्हॉइस नोटने करू. आपला एक श्रोता आहे, वैरागचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वैराग म्हणजे बार्शी तालुक्यातलं, बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं गाव. पोरगा असेल वीस-एकवीसचा. एप्रिलमध्ये त्याचा मेसेज आला. "दादा, बहिणीला पग पाहिजे. इन्स्टावर पुण्याचा एकजण देतोय, बार्शीपर्यंत आणून देतो म्हणतोय. पण माझ्या मित्राचा पग मागच्या मे महिन्यात गेला. दुपारी लाईट गेली आणि तासाभरात कुत्रं गेलं. मग घ्यावं का नको? आणि हे असलं नकटं कुत्रं आपल्याकडं आलं तरी कुठनं?"

खरं तर त्याला उत्तर हवं होतं पहिल्या प्रश्नाचं. पण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे, म्हणून आज तिकडूनच येऊ.

परदेशी कुत्रं आपल्या उन्हात आणायची हौस आजची नाही, चारशे वर्षं जुनी आहे. 1615 मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुरतेला उतरला आणि तिथून जहांगीर बादशहाच्या दरबारी गेला. त्याला व्यापाराच्या सवलती हव्या होत्या आणि बादशहाला हवे होते इंग्लंडचे मॅस्टिफ कुत्रे. रोबरोबर एडवर्ड टेरी नावाचा एक पाद्री होता. त्याने पुढे 1655 मध्ये प्रवासवर्णन छापलं, त्यात या कुत्र्यांची हकीकत आहे. इंग्लंडहून बरेच निघाले, दरबारात जिवंत पोचले दोनच. त्यातला एक वाटेत सुटला आणि थेट हत्तीच्या सोंडेला जाऊन चिकटला. बादशहाने हे ऐकलं आणि जाम खूश झाला. त्याने प्रत्येक कुत्र्याला चार-चार नोकर दिले. दोघांनी पालखी वाहायची आणि दोघांनी बाजूने चालत पंख्याने माश्या वारायच्या. वर स्वतःच्या हाताने भरवायला चांदीचा चिमटा करून घेतला.

आता आपण मराठी माणसांनी फार हसायला नको. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्यालाही पालखीचा मान होता असं सांगतात, आणि त्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आजही आहे. खंड्या मात्र इथल्या हवेतला. जहांगीरच्या कुत्र्यांना पालखी आणि पंखा लागला. पालखी-पंख्याचं हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मॅस्टिफ काही नकटे नव्हते म्हणा, जबडा चांगला थोराड. पगची गोष्ट वेगळ्या वाटेने येते. तिची सुरुवात चीनमध्ये. तिथल्या राजवाड्यांत आखूड तोंडाची, मांडीवर मावतील अशी कुत्री शेकडो वर्षं पाळली जात होती. सोळाव्या-सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांच्या जहाजांनी ती हॉलंडला पोचली. (याच डच कंपनीची एक वखार आपल्या कोकणात वेंगुर्ल्यालाही होती.) हॉलंडच्या ऑरेंज राजघराण्याला पग फार आवडला. 1689 मध्ये त्या घराण्यातला विल्यम इंग्लंडचा राजा झाला आणि त्याच्याबरोबर पग इंग्लंडमध्ये गेला, असं सांगतात.

इथे एक चित्र बघा, नेटवर सहज सापडेल. विल्यम होगार्थ नावाचा इंग्रज चित्रकार होता. 1745 मध्ये त्याने स्वतःचं चित्र काढलं आणि पुढ्यात बसवला आपला पग. त्या पगचं नाव ट्रम्प. हो, ट्रम्पच. हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. तो कुत्रा नीट बघितलात तर तुम्ही म्हणाल, हा पग कुठंय? कारण त्याला नाक आहे! चांगलं बोटभर पुढे आलेलं तोंड आहे. पाय उंच, अंग सडपातळ. आजचा पग शेजारी ठेवला तर दोघं लांबचे नातेवाईक वाटतील.

मग ते नाक गेलं कुठे?

ते गेलं एकोणिसाव्या शतकात, आणि आपण घालवलं. म्हणजे माणसाने. 1859 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला पहिला मोठा डॉग शो झाला. 1873 मध्ये तिथे केनेल क्लब स्थापन झाला. तोवर कुत्रं कामावरून ओळखलं जायचं. हा शिकारीचा, तो मेंढरामागचा, हा राखणीचा. शो आले तसं कुत्रं दिसण्यावरून ओळखायला लागले. कागदावर वर्णन लिहिलं गेलं, तोंड असं हवं, शेपूट अशी हवी. परीक्षक जे तोंड जास्त चपटं त्याला बक्षीस देणार. बक्षीसवाल्या कुत्र्याची पिल्लं महाग जाणार. मग त्यातलं सगळ्यात चपटं पिल्लू पुढच्या पैदाशीला ठेवायचं. कुत्र्याची पिढी दोन-तीन वर्षांची, म्हणजे शंभर वर्षांत तीस-चाळीस पिढ्या. तेवढ्यात बोटभर नाक संपलं. राणी व्हिक्टोरियालाही पगचा भारी शौक, ती स्वतः त्यांची पैदास करायची. राणी पाळते म्हटल्यावर बाकीच्यांनी पाळलंच पाहिजे!

राणीकडचं अजून एक कुत्रं सांगतो, कारण त्याच्या नावात आपला शब्द आहे. 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा चिनी बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि जाळला. तिथे पेकिनीज जातीची काही छोटी नकटी कुत्री सापडली. त्यातलं एक एका इंग्रज कॅप्टनने आणून राणीला भेट दिलं. नाव ठेवलं 'लूटी'. का, तर लुटीत मिळालं. लूट हा शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून नेला होता. नाव ठेवताना कुणाला लाजसुद्धा वाटली नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

बुलडॉगची तऱ्हा तीच. बैलावर कुत्री सोडायचा खेळ इंग्लंडमध्ये 1835 च्या कायद्याने बंद झाला. खेळ बंद, कुत्र्याचं काम बंद. मग तेही शोमध्ये आलं आणि तिथे त्याचं तोंड आत आत जात राहिलं. आज बुलडॉगच्या माद्यांची बहुतेक बाळंतपणं सिझेरियननेच करावी लागतात, कारण पिल्लाचं डोकं मोठं आणि आईची कंबर अरुंद.

आता या सगळ्याचा वैरागच्या उन्हाशी काय संबंध? तर संबंध असा, की नाक हे कुत्र्याचं कूलर आहे. हे मी उपमा म्हणून बोलत नाहीये, दोन्हीचं काम खरंच एका तत्त्वावर चालतं.

माणसाला घाम येतो. अंग ओलं होतं, ते पाणी उडतं आणि अंग गार पडतं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पायांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. मग तो काय करतो, धापा टाकतो. त्याच्या लांब नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात आणि त्यांच्यावर ओलं अस्तर. 1970 मध्ये क्नुट श्मिट-निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की धापा टाकताना कुत्रं हवा मुख्यतः नाकाने आत घेतं आणि तोंडाने बाहेर सोडतं. म्हणजे कोरडी हवा ओल्या अस्तरावरून जाते, पाणी उडतं, उष्णता बाहेर पडते. आता आपला कूलर आठवा. बाजूला वाळ्याची किंवा गवताची ताटी, तिच्यावर पाणी, मागून हवा ओढायची. तेच की हे!

पगचं काय झालंय, तर त्याच्या कूलरची ताटीच काढून घेतलीय. हाडं आखूड झाली, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. टाळूचा मऊ भाग लांब पडतो आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी लोंबतो. जीभ जाड. नाकपुड्या म्हणजे नुसत्या दोन चिरा. घोरतो तेव्हा आपण रील काढतो, किती क्यूट म्हणतो. तो आवाज म्हणजे हवा अडकल्याचा आवाज आहे. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, श्वास ओढायला त्याला जितका जोर लावावा लागतो, तितकं त्याचं अंग अजून तापतं. गार होण्यासाठी जे करायचं, त्यानेच उष्णता वाढते.

कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सियस. 41 च्या वर गेलं की मामला उष्माघाताचा. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या आणि नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये इंग्लंडमधल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. लॅब्राडॉरशी तुलना केली तर उष्माघाताचा धोका पगला तिपटीहून जास्त, फ्रेंच बुलडॉगला सहापटीहून जास्त आणि बुलडॉगला जवळजवळ चौदा पट. हे इंग्लंडमधलं, बरं का. तिथे 30 अंश झाले की पेपरात बातमी येते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये 42 झालं तरी माणसं बाजाराला निघतात.

मग इतकं अडचणीचं कुत्रं आपल्या गल्लीत आलं कसं? हे बहुतेकांना माहीतच आहे. 2003. हच कंपनीची जाहिरात, एक लहान मुलगा पुढे आणि पग मागे. मुलगा जाईल तिकडे कुत्रं, तसंच आमचं नेटवर्क. जाहिरात ओगिल्व्हीची, दिग्दर्शन प्रकाश वर्मांचं, आणि त्या पगचं नाव चीका. जाहिरात इतकी चालली की पग हे नावच मागे पडलं, लोक 'हचचं कुत्रं' म्हणायला लागले, आणि 2007 नंतर 'व्होडाफोनचं कुत्रं'. त्या वर्षी मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात हचचं नेटवर्क नव्हतंसुद्धा. म्हणजे आपल्याकडे सिमच्या आधी कुत्रं पोचलं! जाहिरात चांगलीच होती, मला आजही आवडते. पण तिच्यात झाडी होती, सावली होती, ओलावा होता. त्या कुत्र्याला भर मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसवलंय, असा शॉट कोण कशाला दाखवेल?

त्यानंतर मागणी वाढली आणि मागणी वाढली की काय होतं ते आपल्याला कांद्यापासून माहीत आहे. जो तो पैदास करायला लागला. विकणाऱ्यांची एक भाषाच तयार झाली. 'पंच फेस', म्हणजे ठोसा मारल्यासारखं चपटं तोंड, त्याचे पैसे जास्त. 'डबल बोन'. 'विथ पेपर', 'विदाऊट पेपर'. पंच फेस म्हणून ज्याचे तुम्ही जास्त पैसे मोजता, तोच त्या पिल्लाचा आजार असतो. एकोणिसाव्या शतकातल्या त्या परीक्षकाचं काम आता इन्स्टावर आपण करतोय.

कायदा आहे, पण तो विचारतो कोण. केंद्र सरकारने एप्रिल 2016 मध्ये पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशातून कुत्री आणणं बंद केलं. 2017 मध्ये कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीचे नियम आले. त्यात पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादीला वर्षातून एकदाच वेत. आता तुम्हाला स्टेटसवर 'थर्टी डेज ओल्ड पपी' दिसतं ना, ते सरळ नियमाबाहेरचं आहे. 2024 मध्ये तमिळनाडूने धोरण काढलं, की आमच्या हवेला न मानवणाऱ्या काही जातींची पैदास इथे नको, आणि यादीत पग आणि फ्रेंच बुलडॉग होते. त्याला लगेच कोर्टात आव्हान दिलं गेलं. आणि ज्या हॉलंडने पग युरोपात आणला, त्याच देशाने 2019 पासून असा नियम लावलाय की नाकाची लांबी कवटीच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर त्या कुत्र्याची पैदास करायची नाही. चारशे वर्षांनी चूक कळली म्हणायची.

आपल्या दख्खनमध्ये याच काळात काय चाललं होतं? इथे माणसांनी बरोबर उलटं कुत्रं वाढवलं. कारवानी. लमाणांच्या तांड्यांबरोबर फिरणारं, सशामागे सुटणारं. लातूरकडे, सोलापूर-विजापूरच्या पट्ट्यात तुम्ही बघितलं असेल. लांबलचक निमुळतं तोंड, खोल छाती, पोट आत गेलेलं, अंगावर चरबी नाही. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी असली एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली असं सांगतात, आणि तिथून 'मुधोळ हाउंड' नाव रूढ झालं. 2005 मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. तेच ऊन, तीच माती, पण इथे पळणाऱ्याला निवडलं गेलं. ज्याला श्वास पुरत नाही तो सशामागे दोन शेतं टिकणार नाही. आता लगेच कारवानी आणायला धावू नका. त्याला पळायला रान लागतं, दोन खोल्यांत बांधून ठेवलं तर तो वेडा होईल आणि तुम्हीही.

मी त्या पोराला फोन केला. म्हटलं, घर कसलंय? म्हणाला, पुढच्या दोन खोल्या पत्र्याच्या, मागचं आजीचं माळवद. मी म्हटलं, अरे मग आजीचं माळवदच तुझी पालखी आहे. आपल्या भागातलं जुनं मातीचं छत आणि जाड भिंती, दुपारी तीन वाजता आत गेलं की कळतं. पत्र्याखाली पग ठेवायचाच नाही, पंखा असला तरी नाही. पंखा गरम हवाच फिरवतो आणि पगला माणसासारखा घाम नाही, त्यामुळे पंख्याचा त्याला फारसा उपयोग नाही. कूलर चालेल, आपली हवा कोरडी आहे तोवर. पण वळवाचा पाऊस पडून गेला आणि हवा कोंदट झाली की कूलर मंदावतो. नेमकं त्याच दिवशी पगचं उरलंसुरलं नाकही मंदावतं. आपल्याला वाटतं पाऊस झाला, बरं झालं. कुत्र्यासाठी तो दिवस जास्त अवघड असू शकतो.

फिरवायचं पहाटे, सूर्य वर यायच्या आत, आणि रात्री जेवणानंतर. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू ठेवा, टेकवत नसेल तर कुत्र्यालाही चालवायचं नाही. गळपट्टा नको, छातीचा पट्टा घ्या. वजन आठ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. पगला भूक कायम असते आणि घरातला प्रत्येकजण एकेक बिस्कीट देतो, चार माणसांची चार बिस्किटं झाली की. गळ्याभोवती चरबी वाढली की आधीच अरुंद असलेली वाट अजून अरुंद. तोंडावरच्या घड्या रोज कोरड्या पुसायच्या. डोळे बाहेर आलेले असतात, खरचटलं तर लगेच दाखवायचं.

आणि लाईट गेली, कुत्रं जोरजोरात धापतंय, जीभ लाल-जांभळी, लाळ गळतेय, झोकांड्या खातंय, तर आधी गाडी काढू नका. आधी पाणी. अंगावर, पोटावर, मांड्यांत, भरपूर, आणि पुठ्ठ्याने जोरात वारा. ओल्या अंगावर मात्र वारा कामाचा, कारण मग ते पाणी उडतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देणारं असतं, ते नको. रांजणाचं किंवा हौदाचं घ्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो गरम होऊन बसतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. हे करता करता दुसऱ्याने डॉक्टरांना फोन लावायचा आणि मग निघायचं. वैरागहून सोलापूर तासाभराचं. तापलेलं कुत्रं तसंच गाडीत घातलं तर तो तास त्याला पुरत नाही. मित्राच्या बाबतीत हेच झालं होतं, त्यांनी उचललं आणि पळाले. त्यांची चूक कशी म्हणू, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता मूळ प्रश्न. नवीन पिल्लू घ्यावं का? माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नये. घेणारच असाल तर 'पंच फेस' मागू नका, उलट ज्याचं तोंड जरा पुढे आहे, नाकपुड्या उघड्या आहेत असं बघा. आईबाप दाखव म्हणा. त्यांना तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवा आणि कान लावून ऐका. घरघर ऐकू आली तर परत या. आईबाप दाखवत नसेल तरीही परत या.

हे सगळं ऐकून पोरगा गप्प झाला. चार दिवसांनी पुन्हा व्हॉइस नोट. "दादा, पुण्याचं कॅन्सल केलं. पण सोलापुरात एका घरी तीन वर्षांचा पग आहे, त्यांची बदली झाली, फुकट देतायत. नाहीतर कुठंतरी सोडून देतील. बहीण रडायलीय. त्याचं काय करू?"

तो कुत्रा जन्माला आलेला आहे, त्याला कुठेतरी राहायचंच आहे. आणि वैरागला एक माळवद आहे. मी म्हटलं, घे. आधी डॉक्टरांकडून नाक-घसा तपासून घे, आणायला जाताना आईसाठी ठेवलेला पाण्याचा जार गाडीत टाक आणि पहाटे चारला निघ. सहा वाजेपर्यंत परत घरी पाहिजेस.

त्याचं नाव काय ठेवलं ते विचारलं. बहिणीने शेरू ठेवलंय म्हणे.